ॲडमिन हतबल नसतो

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यात एका महिलेने तक्रार नोंदवली. ती एका व्हॉट्सॲप ग्रुपची सदस्य होती आणि त्याच ग्रुपमधल्या एका पुरुषाने सगळ्यांदेखत तिच्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली होती. तक्रार त्या पुरुषाविरुद्ध होतीच, पण ग्रुपच्या ॲडमिनविरुद्धही होती. तिचं म्हणणं असं, की ॲडमिनने त्या माणसाला ग्रुपमधून काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, उलट ‘मी काय करणार’ म्हणून हतबलता दाखवली. पोलिसांनी दोघांवरही गुन्हा दाखल केला. ॲडमिन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला आणि १ मार्च २०२१ रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. एखादा सदस्य काय लिहील हे ॲडमिनला आधी कळत नाही, त्याला ते अडवताही येत नाही. सदस्याला घेणं आणि काढणं, एवढाच अधिकार त्याच्याकडे असतो. दोघांचा समान इरादा होता असं दिसत नाही, तोवर दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला आरोपी करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही वेगळ्या प्रकरणात असाच निर्णय दिला.

निकाल योग्यच होता, असं मला मनापासून वाटतं. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या, आणि दोघींनाही अटक झाली. ज्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ चा त्यात वापर झाला, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. तरीही एप्रिल २०१७ मध्ये वाराणसीच्या प्रशासनाने आदेश काढला, की ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर आला तर ॲडमिनवर गुन्हा दाखल होऊ शकेल. असा धाक बसला की ॲडमिन पहिली गोष्ट काय करतो? जो जो काही बोलू शकतो, त्या सगळ्यांचं तोंड बंद करतो. पोलिसांना घाबरून चालवलेल्या ग्रुपवर गैरवर्तन थांबतं असं नाही, टीका मात्र थांबते. म्हणून कायद्याने या दारातून आत येऊ नये, हे बरं.

पण त्या निकालाची बातमी ज्या सुरात पसरली, तो सूर मला खटकला. ‘ॲडमिन जबाबदार नाही’ एवढंच वाक्य ग्रुपाग्रुपांतून फिरलं, आणि हजारो ॲडमिननी सुटकेचा नि:श्वास टाकला. न्यायालयाने सांगितलं होतं ते इतकंच, की सदस्याला न काढणं हा गुन्हा नाही. ॲडमिनला काही करताच येत नव्हतं, असं न्यायालय म्हणालं नाही. उलट, घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, हे निकालपत्रातच नोंदलेलं आहे. म्हणजे हतबलतेचा दावा वस्तुस्थिती म्हणूनच चुकीचा होता. त्याच्या हातात एक बटण होतं. त्याने ते दाबलं नाही. तुरुंगात जाण्याइतकी ही गोष्ट मोठी नसेल, पण त्या बाईच्या बाजूने पाहिलं तर लहानही नाही. कायदा जिथे थांबतो तिथून पुढचा रस्ता कुणीतरी चालायचा असतो, आणि या बाबतीत तो ॲडमिननेच चालायचा आहे.

का त्यानेच? कारण माणसांना एकत्र आणून बसवलं त्याने. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये एखाद्या बाईला घेतलं की तिचा मोबाइल नंबर त्या क्षणी ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसू लागतो. ग्रुप दोनशेचा असेल तर दोनशे जणांना. आता तर एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. यातल्या किती जणांना तिने स्वतःहून नंबर दिला असता? दहा-पंधरांना. उरलेल्यांना तो ॲडमिनने दिला, बहुतेकदा तिला न विचारता, ‘आपल्या बॅचचा ग्रुप केलाय, तुला ॲड केलंय’ एवढं सांगून. ज्याने दुसऱ्याच्या घराची किल्ली वाटली, त्याला त्या किल्लीने कोण आत शिरलं याची विचारपूस टाळता येत नाही.

आधी माहीत नव्हतं, हे मान्य. भल्या पहाटे कोण काय टाकील हे कुणालाच माहीत नसतं. पण कळल्यावर काय? आपला कायदा बड्या कंपन्यांनासुद्धा हाच प्रश्न विचारतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ त्यांना वापरकर्त्यांच्या मजकुरापासून संरक्षण देतं, पण न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश हाती पडूनही त्यांनी मजकूर हटवला नाही तर ते संरक्षण उरत नाही. जबाबदारी सुरू होते ती कळण्यापासून. ॲडमिनला न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहायची नाही. एका सदस्याने ‘मला याचा त्रास होतोय’ असं सांगितलं, की त्याला कळलेलं असतं.

नेमकं काय होतं, ते जरा जवळून पाहू. रात्री साडेदहाच्या सुमारास एक जण ग्रुपमधल्या एकीच्या फोटोवर काहीतरी अचकट टाकतो. दोघेतिघे हसणारे चेहरे टाकतात. ती लिहिते, ‘हे मला आवडलेलं नाही.’ मग पाच मिनिटं कुणीच काही लिहीत नाही, पण तिचा मेसेज वाचलेल्यांच्या यादीतली नावं वाढत असतात, म्हणजे वाचताहेत सगळे. मग कुणीतरी वातावरण हलकं करायला जुन्या गाण्याची लिंक टाकतं. त्यावर ‘वा!’ येतं. सकाळी सहाला फुलांचं चित्र आणि सुप्रभात येतं, मागोमाग आणखी दहा येतात, आणि रात्रीचं सगळं स्क्रीनच्या वर निघून जातं. दोन दिवसांनी ती ग्रुप सोडते. ऑगस्ट २०२२ पासून व्हॉट्सॲपने गाजावाजा न करता ग्रुप सोडण्याची सोय दिली आहे. कुणी बाहेर पडलं की त्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जाते. इतरांच्या लक्षातही येत नाही. म्हणजे या सगळ्या घडामोडीत जी एक गोष्ट खात्रीने ॲडमिनच्या फोनवर पोचते, ती हीच, की ती गेली.

या दोन दिवसांत ॲडमिनने काहीच केलं नाही, असं आपण म्हणतो. ते खरं नाही. त्याने निवड केली. त्या दोघांपैकी एकाला तो ग्रुप सोडावा लागणार होता, आणि कोण जाणार हे त्याने ठरवलं, न बोलता ठरवलं. त्रास देणारा माणूस ठेवण्याची किंमत नेहमीच दुसरं कुणीतरी देतं. ही किंमत हिशेबात येत नाही, कारण जाणारी माणसं भांडून जात नाहीत. ज्याला काढलं तो आठवडाभर बोंबलतो, ओळखीपाळखीच्यांना फोन करतो, ‘मला का काढलं’ म्हणून जाब विचारतो. ज्या पाच जणी त्याच्यामुळे गेल्या, त्या कुणालाच फोन करत नाहीत. मला या विषयावर सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. ॲडमिनच्या कामाचं मोजमाप कोणाला काढलं यावरून करू नये, त्याच्या डोळ्यांदेखत कोण निघून गेलं यावरून करावं.

अशा वेळी ॲडमिन जी वाक्यं बोलतात, ती सगळ्यांच्या ओळखीची आहेत. ‘ग्रुपवर वाद नको.’ ‘त्यांचा स्वभावच तसा आहे.’ ‘मनाला लावून घेऊ नका.’ ‘टाळी एका हाताने वाजत नाही.’ यातलं शेवटचं मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते न्यायीपणाचा आव आणतं. दोन सदस्य राजकारणावरून एकमेकांना घालूनपाडून बोलत असतील, तर तिथे टाळी दोन हातांची आहे, आणि दोघांनाही गप्प करणं बरोबर आहे. पण एकाने लगट केली आणि दुसरीने ‘नको’ म्हटलं, तर तिथे टाळी नाही. तिथे एकाने केलेली कृती आहे आणि दुसरीने दिलेला नकार आहे. दोघांनाही एकाच सुरात ‘शांत व्हा’ म्हणणारा ॲडमिन तटस्थ राहत नाही, तो पहिल्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलेला असतो.

आणि ‘तुम्ही दोघं पर्सनलवर मिटवा’ हा सल्ला तर थेट धोक्याचा. चारचौघांत ज्याने मर्यादा सोडली, त्याच्याशी एकांतात जाऊन बोल, असं आपण त्या बाईला सांगत असतो. मिटवायचं कुणी? तिने. का? तर बाकीच्यांच्या सुप्रभातला अडथळा नको म्हणून.

आपल्याकडे यात वयाची आणि मानाची भर पडते. त्रास देणारा माणूस पुष्कळदा कुणाचा तरी काका असतो, कुणाचे तरी ‘सर’ असतात. निवृत्त, चार संस्थांवर असलेले, स्नेहमेळाव्याला हॉल मिळवून देणारे, वर्गणी कमी पडली तर वरची रक्कम घालणारे. त्यांना कसं बोलायचं? जी मुलगी त्यांच्या कॉमेंटमुळे खजील झाली ती तीस वर्षांची असते, ग्रुपमध्ये नवी असते, तिची कुणाला फारशी गरज नसते. ही उपयुक्ततेची तुलना ॲडमिनच्या मनात उघडपणे होत नाही, पण होते. इंटरनेटवर मराठीत गप्पा मारणारे लोक १९९६ साली मायबोली हे संकेतस्थळ सुरू झालं तेव्हापासून आहेत, आणि तिथल्या जुन्या लोकांना हा प्रकार चांगला माहीत आहे. एखादा आयडी, म्हणजे टोपणनावाने लिहिणारा सदस्य, इतिहासावर, शास्त्रीय संगीतावर किंवा गडकिल्ल्यांवर असे काही माहितीपूर्ण प्रतिसाद लिहितो की वाचत राहावं, आणि तोच आयडी नव्या लेखकाचा पहिला लेख आला की त्याच्या शुद्धलेखनापासून जातीपर्यंत सगळं काढतो. असा आयडी उडवावा की नाही, यावर वाद रंगतो. ‘अहो, पण ते अभ्यासू आहेत.’ असतील. पण त्यांच्यामुळे ज्यांनी दुसरा लेख लिहिलाच नाही, जे कायमचे वाचनमात्र झाले, त्यांच्यात किती अभ्यासू होते ते आता कधीच कळणार नाही.

यापेक्षा अवघड प्रकार असतो तो सगळ्यांसमोर सभ्य असलेल्या माणसाचा. ग्रुपवर त्याची भाषा निर्मळ. वाढदिवसाच्या शुभेच्छा पहिल्या त्याच्या. पण नवी सदस्या आली की तिच्या नंबरवर स्वतंत्र मेसेज जातो: ‘तुमचा डीपी छान आहे.’ उत्तर नाही आलं तर दुसरा. मग रात्रीचा फोन. हे ती सांगते तेव्हा ॲडमिन म्हणतो, ‘ग्रुपवर तर काही झालेलं नाही. बाहेरचं मी कसं बघणार?’ पण नंबर त्याला ग्रुपवरूनच मिळाला. तिच्यावर विश्वास ठेवायला पुरावा हवा असेल तर स्क्रीनशॉट मागता येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आणखी दोघी-तिघींना शांतपणे विचारता येतं. असा माणूस सहसा एकीपाशी थांबत नाही, आणि प्रत्येकीला वाटत असतं की हे आपल्याच बाबतीत घडलं. त्या सगळ्या तक्रारी एका ठिकाणी जमा होऊ शकतील असा माणूस ग्रुपमध्ये एकच असतो, तो ॲडमिन. त्याने कान बंद केले की प्रत्येकजणी एकटी पडते.

‘मी फक्त तांत्रिक बाजू बघतो, बाकी तुमचं तुम्ही ठरवा’ ही भूमिका नवी नाही. इंटरनेटवरच्या वसाहतींच्या इतिहासात ती एकदा पूर्ण गांभीर्याने घेऊन पाहिली गेली आहे, आणि काय झालं त्याची लेखी नोंद आहे. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या एका संगणकावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लॅम्डामू नावाचं एक जग चालत असे. चित्रं नाहीत, आवाज नाही, सगळं काही मजकुरातून. जगभरातली माणसं तिथे टोपणनावाने येत, खोल्या बांधत, गप्पा मारत. ते चालवणाऱ्यांना तिथे ‘जादूगार’ म्हणत आणि त्यांचा प्रमुख होता पावेल कर्टिस. सदस्यांची भांडणं सोडवून जादूगार थकले. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिसने जाहीर केलं, की यापुढे जादूगार सामाजिक प्रश्नांत निर्णय घेणार नाहीत. यंत्र चालू ठेवणं एवढंच त्यांचं काम. समाज आता सज्ञान झाला आहे, त्याने आपलं आपण बघावं.

काही महिन्यांतच मिस्टर बंगल असं नाव घेतलेला एक सदस्य तिथल्या गर्दीच्या बैठकीच्या खोलीत आला. त्याच्याकडे एक असा प्रोग्रॅम होता की त्याने लिहिलेली कृती दुसराच सदस्य करतो आहे असं सगळ्यांच्या पडद्यावर दिसे. त्या आधारे त्याने तिथे असलेल्यांच्या नावाने किळसवाणे लैंगिक प्रसंग सगळ्यांसमोर घडवले, आणि ज्यांच्या नावाने ते घडत होते त्यांना ते थांबवता येईना. सिएटलमध्ये राहणाऱ्या एका स्त्रीने, जिचं पात्र यात सापडलं होतं, त्याच्यावर कारवाईची मागणी केली. ती लिहिताना आपल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, असं तिने नंतर पत्रकार ज्युलियन डिबेलला सांगितलं. डिबेलने डिसेंबर १९९३ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये लिहिलेला या घटनेवरचा दीर्घ लेख आजही या विषयावरचा पायाभूत मजकूर मानला जातो.

त्या मागणीवर सभा भरली. तासन्‌तास चर्चा झाली. कुणी म्हणालं, काढून टाका. कुणी म्हणालं, हा अधिकार आपल्याला कुणी दिला? कुणी म्हणालं, हे तर नुसते शब्द आहेत. मिस्टर बंगल स्वतः सभेत येऊन गेला आणि आपण एक मानसिक प्रयोग करत होतो, असं त्याने सांगितलं. सभा निर्णयाविना संपली. त्यानंतर एका जादूगाराने कुणालाही न विचारता एकट्यानेच त्याचं खातं कायमचं पुसून टाकलं.

यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. अधिकार असलेल्यांनी हात वर केले म्हणून अधिकार नाहीसा झाला नाही. तो कुणाच्याही देखरेखीशिवाय शिल्लक राहिला, आणि शेवटी एकाने तो आपल्या एकट्याच्या मर्जीने वापरला. काढलं ते योग्य माणसालाच. पण ज्या रीतीने काढलं, त्या रीतीने उद्या अयोग्य माणसालाही काढता आलं असतं. प्रवासाहून परतलेल्या कर्टिसने हे ओळखून अर्ज आणि मतदानाची पद्धत बसवली. तीही पुरी पडली नाही. अखेर मे १९९६ मध्ये जादूगारांनी दुसरी घोषणा केली: तांत्रिक आणि सामाजिक अशी फारकत करणं शक्यच नव्हतं, आपण घेतलेल्या प्रत्येक तांत्रिक निर्णयाचा सामाजिक परिणाम होतच होता, आणि इथून पुढे आपण ते उघडपणे मान्य करू. साडेतीन वर्षांच्या अनुभवानंतर आलेली ही कबुली आजच्या प्रत्येक ॲडमिनने वाचावी अशी आहे.

‘एकाला काढून काय होणार? तो दुसऱ्या नावाने येईल, नाहीतर दुसरीकडे जाऊन तेच करील’ असा आक्षेप नेहमी येतो. दुसऱ्या नावाने येणारे असतात, त्यांना आपल्याकडे डुआयडी म्हणतात, आणि मिस्टर बंगलसुद्धा नव्या नावाने परत आला होता. पण बाकीचं गृहीतक तपासलं गेलं आहे. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाने २०१५ साली जाड माणसांची आणि कृष्णवर्णीयांची विटंबना करणारे दोन मोठे समूह बंद केले. जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या सदस्यांचं पुढे काय झालं याचा मागोवा घेऊन २०१७ साली निष्कर्ष मांडले. बरेच जण रेडिट सोडून गेले. जे थांबले त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली. ज्या इतर समूहांत ते गेले तिथेही ती लक्षणीय वाढली नाही. गेलेले लोक अन्यत्र कसे वागले, याचं उत्तर या अभ्यासात नाही, आणि ते सुधारले असं मी म्हणणार नाही. पण माणूस जिथे असतो तिथल्या चालीरीतीप्रमाणे वागतो, हे यातून दिसतं. चालीरीत ठरते ती काय खपवून घेतलं जातं यावरून.

आता दुसरी बाजू, आणि ती महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला विसरता येणार नाही. माणसाला समूहाबाहेर काढणं म्हणजे काय, हे आपण फार वाईट रूपात पाहिलेलं आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेली कुटुंबं, त्यांच्याशी न बोलणारा गाव, न जुळणारी लग्नं, न मिळणारं पाणी. याविरुद्ध कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षं लढावं लागलं, तेव्हा कुठे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २०१६ चा हा कायदा २०१७ च्या जुलैपासून लागू झाला, आणि असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. म्हणून ‘काढून टाका’ हे शब्द मला सहज उच्चारता येत नाहीत. ज्या समाजाला पंचांची इतकी सवय आहे, तिथे ॲडमिनचा पंच व्हायला वेळ लागत नाही.

तसं होतंही. सोसायटीच्या ग्रुपवर एखाद्याने दुरुस्ती निधीचा हिशेब मागितला, टेंडर कुणाला आणि किती रकमेला दिलं असं विचारलं, की त्याला ‘वातावरण बिघडवतो’ म्हणून काढून टाकतात. ज्याने बाईला त्रास दिला त्याला हात लावायला धजत नाहीत आणि ज्याने कमिटीला प्रश्न विचारला त्याला एका मिनिटात काढतात. असे ग्रुप मी अनेक पाहिले आहेत, आणि हाच ॲडमिनपदाचा खरा गैरवापर आहे. फरक कुठे आहे, ते ठरवणं वाटतं तितकं अवघड नाही. एखादा सदस्य सत्तेतल्या माणसाला अडचणीत आणतो की दुबळ्या माणसाला? त्याचा रोख मुद्द्यावर आहे की व्यक्तीच्या शरीरावर, जातीवर, धर्मावर, चारित्र्यावर? ‘थांबा’ म्हटल्यावर तो थांबतो की नाही? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बहुतेक प्रकरणांत संशयाला जागा उरत नाही.

आणखी एक फरक करायला हवा. वाचनगटातून किंवा ट्रेकिंगच्या ग्रुपमधून काढल्याने कुणाचं पाणी तुटत नाही. सोसायटीच्या किंवा गावाच्या ग्रुपमधून काढल्याने अक्षरशः तुटू शकतं, कारण टँकर कधी येणार आणि सर्वसाधारण सभा कधी आहे हे तिथेच कळतं. अशा ठिकाणी सूचनांसाठी वेगळा ग्रुप असावा, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो. व्हॉट्सॲपने ही सोय २०१८ पासून दिलेली आहे. त्यातून कुणालाच कधी काढू नये. गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवावा आणि तिथे वागण्याचे नियम लागू असावेत.

नियम लिहिलेले हवेत, आणि ते भांडण झाल्यावर काढायचे कागद नसावेत. याचाही प्रयोग झाला आहे. रेडिटवरच्या विज्ञानविषयक समूहाचे तेव्हा सुमारे १ कोटी ३० लाख सदस्य होते. नॅथन मॅटियस या संशोधकाने तिथल्या काही चर्चांच्या माथ्यावर नियम ठळकपणे लावले आणि काहींवर नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जिथे नियम लावले होते तिथे नवागतांच्या पहिल्याच प्रतिसादात नियम पाळले जाण्याची शक्यता ८ टक्केबिंदूंनी वाढली, आणि नवागतांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. दुसरा आकडा पुन्हा वाचावा असा आहे. नियम लावले की लोक घाबरून गप्प बसतील, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जे दाराशी घुटमळत होते ते आत आले. त्यांना बोलायचं होतं, फक्त इथे आपल्याला कुणी काही बोलणार नाही, एवढा भरवसा हवा होता.

नियमानंतर कारवाईची रीत. पहिल्यांदा घडलं तर ॲडमिनने त्या माणसाशी स्वतः बोलावं, फोनवर, स्पष्ट शब्दांत: अमुक मेसेज काढा, तिची माफी मागा, ती म्हणेल तिथे. तो मेसेज ॲडमिनने स्वतःही सर्वांसाठी पुसावा, ही सोय आता आहे. पुसण्याआधी स्क्रीनशॉट ठेवावा. दुसऱ्यांदा घडलं तर बाहेर. धमकी, पाठलाग, अश्लील चित्रं असलं काही असेल तर पहिल्याच वेळी बाहेर, आणि जिला त्रास झाला तिला सायबर तक्रारीसाठी cybercrime.gov.in हे सरकारी संकेतस्थळ सांगून तिच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभं राहायचं. काढल्यावर ग्रुपला दोन ओळींत कळवायचं: कोणत्या वागण्याबद्दल काढलं ते, तक्रार कुणाची होती ते मात्र नाही. गुपचूप काढलं की अफवा उठतात, आणि त्या अफवांत बहुतेकदा तक्रार करणारीचंच नाव खराब होतं. काढलेल्याला आपली बाजू सांगायची असेल तर ऐकून घ्यायची. काही महिन्यांनी परत यायचं म्हणाला तर विचार करावा, पण ज्यांना त्याने त्रास दिला त्यांना आधी विचारून.

सदस्यांच्या पलीकडे पोचणारी हानी हा स्वतंत्र विषय आहे, पण एक उदाहरण टाळता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून आधीच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मेसेज पुढे पाठवण्यावर एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. कंपनीला उशिरा का होईना जाग आली. पण त्या अफवा ज्या ज्या ग्रुपमधून गेल्या, त्यातल्या प्रत्येकाला एक ॲडमिन होता, आणि ‘हे खोटं आहे, पुढे पाठवू नका’ असं लिहायला कुठलीही मर्यादा आड येत नव्हती.

हे काम सोपं आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्यांची घाण दिवसभर पाहत बसण्याने माणूस आजारी पडतो. फेसबुकने २०२० साली अमेरिकेत आपल्यासाठी कंत्राटावर मजकूर तपासणाऱ्यांना मानसिक आघातापोटी ५ कोटी २० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, ते उगाच नाही. आपले ॲडमिन तर बिनपगारी, नोकरी आणि घर सांभाळून हे करणारे. म्हणूनच एकट्याने ॲडमिन असू नये. दोघं-तिघं असावेत, त्यात किमान एक बाई असावी, आणि ती नावापुरती असू नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो एका ॲडमिनचा मित्र असेल तर निर्णय दुसऱ्याने घ्यावा. बाकी सदस्यांनीही एवढं करावं, की तिने ‘हे मला आवडलं नाही’ असं लिहिलं, की त्याखाली ‘मलाही नाही’ असं लिहावं. गाण्याची लिंक टाकण्यापेक्षा याला जास्त वेळ लागत नाही, आणि ॲडमिनचं अर्धं काम त्यातून होतं.

तुम्ही ॲडमिन असाल तर तुमच्या ग्रुपमधून गेल्या वर्षभरात कोण कोण निघून गेलं ती नावं काढा, आणि त्यातल्या दोघींना फोन करून विचारा, का गेलात म्हणून. उत्तर ऐकून जे करायला हवं ते करण्याची तयारी नसेल, तर ॲडमिनपद सोडून द्या आणि ते ज्याला निभावता येईल अशा माणसाकडे द्या.